अकरा माणसांचा आवाज

मला एक खोड आहे. दूरवर लग्नाचा बॅंड वाजायला लागला, की वाजवणाऱ्यांपैकी आज कोण आलेला नाही हे मी घरात बसून सांगते. माझ्या मुली यावरून मला हसतात. पण ज्या बाईचा नवरा बॅंडमध्ये वाजवतो, तिला सगळी गाणी कामाला बसल्या बसल्या शंभरदा ऐकावी लागतात. मग गाण्याचं काही वाटेनासं होतं आणि कान दुसरंच काहीतरी शोधायला लागतो.

आमच्या ह्यांचा बॅंड अमरावतीचा. दुकान इतवाऱ्यात, आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. पार्टी अकरा माणसांची. मालक स्वतः क्लॅरिनेट वाजवत. हे पहिले कॉर्नेटवाले, त्या आखूड पितळी तुतारीचे, म्हणून सगळे ह्यांना मास्तर म्हणत. दुसरा कॉर्नेटवाला परतवाड्याचा, तीन लेकरांचा बाप, जाडजूड मिशांचा. त्याशिवाय मोठ्या तोंडाची दोन पितळी वाद्यं, दोन सॅक्सोफोन, छोटा ड्रम, झांज, खुळखुळे आणि सगळ्यांच्या मागून ढोल. वरात अंबागेटपासून निघाली, की मी अंगणात ज्वारी निवडत बसायची आणि एकेकाची हजेरी घ्यायची. संध्याकाळी हे घरी आले की विचारायची, "आज झांजवाला आला नाई ना?" हे कोट काढता काढता थांबायचे. "तुले काय करा लागते वं?" म्हणायचे, पण गालात हसायचे.

करायचं काहीच नव्हतं. चोंबडा स्वभाव, दुसरं काय! मला नवल एवढंच वाटायचं, की दहा माणसं तीच, गाणं तेच, गणवेश तोच, आणि एक माणूस बदलला की सगळ्याचा आवाज कसा बदलतो? बॅंडमधल्या बदल्या बहुतेक पावसाळ्यात व्हायच्या. आषाढीनंतर लग्नं बंद. त्या चार महिन्यांत कोणी दुसरं काम धरायचं, कोणाचं मालकाशी बिनसायचं. तुळशीचं लग्न लागलं की नव्या माणसांसह पार्टी पुन्हा रस्त्यावर. एका वर्षी छोट्या ड्रमवाल्याला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली आणि त्याच्या जागी बडनेऱ्याचा एक घाईचा माणूस आला. त्या साली आमच्या बॅंडच्या सगळ्या वराती धावत गेल्या. नवरदेव मांडवात पोचायचा तेव्हा नवरीकडच्यांच्या पंगतीच्या पत्रावळीसुद्धा मांडलेल्या नसायच्या. गाण्याची एक ओळही बदलली नव्हती. फक्त एका माणसाच्या मनगटाला दम नव्हता.

आता ह्यांच्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझे सासरे भातकुलीकडच्या एका खेड्यात डफडं वाजवत. लग्न असो, मयत असो, देवीपुढचा बोकड असो, बोलावणं आलं की डफडं गळ्यात अडकवायचं आणि पुढं चालायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी टोपलीत शिळं-पाकं पडायचं, तीच बिदागी. आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो, त्याच आठवड्यात सासऱ्यांनी डफडं खुंटीवरून काढलं, विळ्यानं त्याचं कातडं फाडलं आणि लाकडी कडं चुलीत घातलं. त्या जाळावर आंघोळीचं पाणी तापवलं आणि सगळ्यांनी अंग धुतलं. मी तेव्हा नवी सून होते. मला त्या म्हाताऱ्याचा इतका अभिमान वाटला, की डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते धुरावर ढकललं. पुढं दोन वर्षांनी ते गेले.

ह्यांनी मात्र त्याच्या आधीच, पोरवयात, अमरावती गाठली होती. पलटणीतून परतलेल्या एका म्हाताऱ्यानं ह्यांना कॉर्नेट शिकवलं. ह्यांच्या लेखी कॉर्नेट म्हणजे निव्वळ वाद्य नव्हतं. अंगावर सोनेरी फितीचा कोट, पायात बूट, ठरवून केलेलं काम, आणि लोक 'अरे'ऐवजी 'मास्तर' म्हणायचे. बापाच्या गळ्यात जे होतं ते आपल्या गळ्यात नाही, याचा ह्यांना कोण आनंद! दर रविवारी हे चिंच घेऊन कॉर्नेट घासायला बसत. माझ्या पितळी भांड्यांना तेवढी चिंच कधी मिळाली नाही.

दीक्षेनंतर पाच-सहा वर्षांनी एक पावसाळा असा गेला, की त्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे आमचा जुना ढोलवाला अकोल्याला कापसाच्या गिरणीत लागला आणि त्याच्या जागी नवा माणूस आला. दुसरी गोष्ट घरातली. हे भाकर कुस्करून वरणात भिजत घालायला लागले. ज्वारीची कडक पापुद्र्याची भाकर ज्याला लागते, तो माणूस भाकरीचा काला करून गिळायला लागला. मी विचारलं, तर म्हणाले, "पोटाले बरी लागते." मी मान डोलावली, पण लक्षात ठेवलं.

तुळशीचं लग्न झालं, वराती सुरू झाल्या, आणि पहिल्याच वरातीला माझा हात ज्वारीत थांबला. आवाज पातळ झाला होता. मी हजेरी घेतली. क्लॅरिनेट आहे, झांज आहे, दोन्ही मोठी वाद्यं आहेत. दहा भरले. एक भरेना.

संध्याकाळी मी विचारलं, "आज कोन नव्हतं?"

"सारे होते. अकराच्या अकरा."

"मंग आवाज असा काहून येऊन राह्यला?"

"ढोलवाला नवा हाये ना," हे म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

मला ते पटेना. ढोल बदलला तर चाल बदलेल, पण वरची बाजू पातळ का व्हावी? मी आठ-दहा वराती कान देऊन ऐकल्या. कॉर्नेट एकच वाजत होतं आणि ते परतवाड्याच्या माणसाचं वाटत होतं. पण हे तर रोज कोट चढवून, कॉर्नेट घेऊन जात आणि गालफडं दुखल्यासारखं करत परत येत. ताकाला तूर लागू देत नव्हते. मीच मनाची समजूत घातली, की हे आजकाल हळू फुंकत असतील. खरं सांगायचं तर कानाला कळलं होतं, मला कळून घ्यायचं नव्हतं.

माघात अकोल्याला, माझ्या माहेरच्या शेजारी, एक लग्न निघालं आणि योगायोगानं काम ह्यांच्याच पार्टीला मिळालं. मी दोन दिवस आधीच भावाकडं जाऊन राहिले. वरात मोर्णा नदीच्या पुलावरून आली तेव्हा मी बायकांच्या घोळक्यात रस्त्याच्या कडेला उभी होते. हे पुढच्या रांगेत होते. गाल टम्म फुगलेले, डोळे मिटलेले, बोटं कळांवर नाचत होती. गर्दी ह्यांच्याकडंच बघत होती, इतकं ते बघण्यासारखं होतं. मी घोळक्यातून निघाले आणि ह्यांच्या बरोबरीनं चालायला लागले. मग कॉर्नेटच्या तोंडाजवळ, हातभर अंतरावर, कान नेला.

तिथं काही नव्हतं. बोटं गाण्याची एकेक जागा बरोबर घेत होती, एकही कळ चुकत नव्हती, आणि आतून साधा वारासुद्धा येत नव्हता. ह्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले. गाल फुगलेलेच राहिले.

बॅंडवाल्यांत या प्रकाराला 'मुका' म्हणतात. पार्टी माणसं मोजून ठरते. अकरा म्हटले की अकरा दिसले पाहिजेत. एखादा आजारी पडला तर कोणाच्या तरी भाच्याला, नाहीतर दुकानात झाडू मारणाऱ्याला कोट घालायचा, हातात वाद्य द्यायचं आणि फुगव गाल म्हणायचं. लोकांना पत्ता लागत नाही. या मुक्यांवर आम्ही घरात किती हसलो असू! सगळ्यांत जास्त हे हसायचे.

मी भावाच्या घरी गेले आणि न जेवता झोपल्याचं सोंग केलं. मला राग आला होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं.

अमरावतीला परतल्यावर मी ह्यांच्यापुढं भाकरीचं ताट ठेवलं, वरण ठेवलं नाही. "खा," म्हटलं. हे ताटाकडं बघत राहिले. मग वरचा ओठ बोटानं वर केला. पुढचे दोन दात हिरडीत नुसते टेकलेले होते. वीस वर्षं पितळ त्या दातांवर दाबून फुंकलेलं, वर तंबाखू. फुंक मारली की ठणका मेंदूपर्यंत जायचा आणि सूर फाटायचा.

"मालकाले माहीत हाये?"

"त्यांनीच म्हटलं, मास्तर, उभे राहा फक्त. तुमच्याबिगर पार्टी दिसत नाई."

"किती दिवस उभे राहान?"

 मालकानं मन मोठं केलं होतं, पण ते मोठेपण हे रोज अंगावर घालून शहरभर हिंडत होते. लाजेनं माणूस वाळतो म्हणतात, ते मी त्या महिन्यांत पाहिलं. पट्टा दोन भोकं आत गेला होता.

मी सरळ बोलणारी. म्हटलं, "नवा ढोलवाला काई कामाचा नाई. तुमी ढोल घ्या. दाताचं काम नाई तिथं."

ह्यांनी ताट सरकवलं. "माह्या बापानं गळ्यातून काढलं, जाळलं. तुह्या डोयापुढं जाळलं. अन् आता तू मले म्हनतं, घाला गळ्यात?"

"डफडं अन् ढोल एक हाये काय?"

"गळा तर एकच हाये ना!"

 मी ताट उचललं. समजावून समजावून माझ्या दाताच्या कण्या झाल्या असत्या, पण मी गप्प बसले, कारण हे चुकत नव्हते. मीही चुकत नव्हते. मुका म्हणून जन्म काढायचा की बापानं जाळलेलं उचलायचं, यातलं एक निवडायचं होतं आणि तिसरं काही मला दिसत नव्हतं.

तिसरं निघालं ते ह्यांच्या चिडकेपणातून. मुका माणूस फुंकत नाही, म्हणून त्याला ऐकायला वेळ मिळतो. रोज रांगेत उभं राहून हे नव्या ढोलवाल्याला ऐकत होते आणि आतल्या आत जळत होते. एका दुपारी दुकानात तालीम चालली होती. मी डबा घेऊन गेले होते. परतवाड्याचा माणूस ओळ संपवून श्वास घ्यायला गेला आणि ढोलवाल्यानं पुढचा ठोका आधीच घातला. त्याचा सूर तुटला, त्याला ठसका लागला. हे एकदम ओरडले, "अरे, माणसाले दम घेऊ देशीन का नाई!" आणि ढोल जमिनीवर होता तसाच, त्याच्यापुढं उकिडवं बसून काठी ह्यांनी घेतली.

मग जे झालं ते मी पुढं कित्येक वर्षं निरखलं, म्हणून नीट सांगू शकते. हे ढोलाकडं बघतच नव्हते. बघत होते कॉर्नेटवाल्याच्या खांद्यांकडं. ओळ संपली की केसभर थांबायचे, डाव्या हातानं हलकी थाप द्यायचे, तो छाती भरून घ्यायचा, त्याचे खांदे खाली यायला लागले की मोठा ठोका. परतवाड्याच्या माणसाचा सूर आधी कधी लागला नव्हता इतका भरीव लागला. वाजवणारा तोच, कॉर्नेट तेच. मालकानं क्लॅरिनेट खाली ठेवली आणि नुसते ऐकत बसले.

"मास्तर, सोमवारी वरात हाये," मालक म्हणाले.

"वाजवीन. गळ्यात नाई घालनार."

"मंग कसा न्यायचा?"

"ते तुमी पाहा."

मालकानं पाहिलं. सायकलची दोन जुनी चाकं आणली, इतवाऱ्यातल्या सुतारानं बाभळीची चौकट केली, आणि ढोल दोन पट्ट्यांवर अधांतरी टांगला. खुळखुळेवाला एका हातानं गाडा ढकलायचा. नव्या ढोलवाल्याला झांजेची दुसरी जोडी दिली. त्यालाही सुटल्यासारखं झालं. दुसऱ्या बॅंडवाल्यांनी आधी चेष्टा केली, ढोलाला पांगुळगाडा दिला म्हणाले.

पण आवाज! सोमवारी मी अंगणात बसले होते आणि पहिला ठोका आला तो कानात न येता ओट्याच्या दगडातून पायाला लागला. ढोलवाला गावात कुठं का असेना, मला ठोका ओळखू यायचा, पण हा ढोल मी कधी ऐकलेला नव्हता. ठोका पडून गेल्यावरही तो बोलत राहायचा. असं का, म्हणून मी विचारात पडले. मग घरातली मोठी परात पोटाशी धरून तिच्यावर चमचा मारला. ठप्प. तीच परात दोरीला टांगून मारला. गल्लीतल्या बायका बाहेर आल्या. म्हणजे इतकी वर्षं ढोलवाल्याचं पोट ढोलाचा अर्धा आवाज खात होतं! मला इतका आनंद झाला, की संध्याकाळी मी ह्यांना तो प्रयोग दोनदा करून दाखवला. हे म्हणाले, "बरं झालं, परात फुटली नाई." पण त्या संध्याकाळी वरणाशी खाताना पहिल्यांदा दोन भाकरी मागितल्या.

वैशाखापर्यंत आमच्या बॅंडचं नाव झालं. गाड्याचा ढोल हवा म्हणून दर्यापूरचं एक काम आलं. माझी बहीण तिथं दिली होती, म्हणून मीही पार्टीच्या ट्रकमधून गेले. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता. दर्यापूरची काळी माती ज्यानं तुडवली आहे त्याला पुढचं सांगायला नको. वरात वेशीपासून शंभर पावलं गेली आणि गाड्याची चाकं मातीनं इतकी भरली, की फिरेनात. ढकलाढकलीत एक चाक वाकलं. गाडा तिथंच बसला. घोड्यावर नवरदेव, मागं बायका, लग्नाची वेळ जवळ आलेली. मी बहिणीबरोबर कडेलाच उभी होते.

वरपक्षातला एक पागोटंवाला म्हातारा पुढं आला. ह्यांच्या गावाकडचाच निघाला. त्यानं ह्यांना नीट न्याहाळलं, ओळखलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडा कायले पायजे तुले? घाल गळ्यात. तुह्या बापानं जलमभर घातलं, तुलेच काहून जड जाते?"

 हे काठी धरून उभे होते आणि काठी धरलेली मूठ पांढरी पडली होती. मला वाटलं, हे काठी त्या माणसावर उगारतील, नाहीतर पट्टा गळ्यात घालतील आणि मग घरी जो माणूस येईल तो माझा नवरा नसेल, नाहीतर काठी टाकून ट्रकमध्ये जाऊन बसतील आणि कायमचे मुके होतील. चौथं काही मला सुचेना. 

मालक रांगेतून मागं आले. साठीला टेकलेले, पोट सुटलेले, दम्याचे. आमच्यातले नव्हते ते. जातीनं शिंपी. त्यांनी क्लॅरिनेट माझ्या हातात दिली. "वयनी, धरा जरा." मग ढोलाचे पट्टे सोडले, खाली वाकले, मान पट्ट्यात घातली आणि कण्हत उभे राहिले. ढोल त्यांच्या पोटावर आला.

"वाजवा मास्तर," ते म्हणाले. "लगन टळून राह्यलं."

म्हातारा पागोटं सावरत बाजूला झाला. ह्यांनी क्षणभर मालकाकडं पाहिलं आणि ठोका दिला. बाजूनं चालत, एकाच हातानं. डाव्या थापेला जागाच नव्हती. क्लॅरिनेट माझ्या हातात, म्हणजे वरचा सूर गायब. ढोल मालकाच्या पोटाला टेकलेला, म्हणून ठप्प. मातीत पाय रुतून चाल मोडत होती. आमच्या बॅंडनं इतकं वाईट कधीच वाजवलं नसेल. मी क्लॅरिनेट पदरात गुंडाळून मागून चालत होते आणि रडत होते. 

क्लॅरिनेट माझ्याकडंच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत द्यायला आम्ही दोघं दुकानात गेलो. मालक बनियनवर बसून चहा पीत होते. मानेवर दोन बोटं रुंदीचा लालभडक वळ उठला होता. हे त्या वळाकडं बघत उभे राहिले. ह्यांना बसा म्हटलेलंही ऐकू गेलं नाही.

"काय पाहता मास्तर?" मालक म्हणाले. "तेल लावलं हाये. दोन दिसात जाते."

 परत येताना घराच्या दाराशी हे थांबले, माझ्याकडं न बघता म्हणाले, "माह्या बापाच्या मानेवर असाच होता. काळा. मले वाटे, तो जलमतःच हाये."